बरणीतलं लोणचं आणि बिलावरचं नाव

भाद्रपद सरत आला की माझ्याकडे येणारा पत्रांचा गठ्ठा जाड होतो. पितृपक्षात गेलेल्यांची आठवण निघते म्हणून असेल, नाहीतर पावसाळाभर घरात बसून माणसं कंटाळतात म्हणून असेल. यंदा संपादकांनी १९ पत्रं पाठवली आणि जागा दिली पाचांची. नव्या वाचकांसाठी एकदा सांगून टाकते. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. सांगलीत पोस्टाच्या बचत बँकेच्या खिडकीत ३७ वर्षं बसले, २०११ साली निवृत्त झाले. आमचे ‘हे’ गणिताचे मास्तर होते, २०१९च्या फेब्रुवारीत गेले. वय माझं ७४. गुडघे त्याहून मोठे आहेत.

प्रश्न : ताई, माझं वय ७१. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो. बायको गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी गेली. तिनं त्याच वर्षी मे महिन्यात घातलेलं कैरीचं लोणचं अर्धी बरणी शिल्लक आहे. रोज जेवताना बरणी काढतो, बघतो, परत ठेवतो. खाल्लं तर संपेल. सून म्हणते, बाबा, वर्ष उलटून गेलं, टाकून द्या. परवा दादरा सोडून पाहिलं तर वरच्या फोडी कोरड्या दिसल्या. काय करू? हसू नका. (कराड)

हसले नाही. पत्र वाचून आधी उठले आणि माझ्या बरणीतलं तेल कुठवर आहे ते बघून आले.

भाऊ, आधी कामाचं. बरणी उजेडात न्या. पांढरी किंवा हिरवी बुरशी दिसली, वास आंबूस-कुबट आला, तर मात्र मन घट्ट करून टाका. वरचा थर काढून खालचं खायचा शहाणपणा करू नका. बुरशी नसेल, फोडी नुसत्याच कोरड्या पडल्या असतील, तर लोणचं गेलेलं नाही, त्याचं तेल गेलंय. मीठ-मोहरी बेतानं पडलेलं लोणचं दोन-दोन वर्षं टिकतं. सुनेला हे सांगा, पण भांडू नका. वाटीभर गोडं तेल धुरावेपर्यंत तापवा, गॅस बंद करा आणि पूर्ण गार होऊ द्या. पूर्ण म्हणजे पूर्ण, पुरुषमाणसांना घाई असते. मग ते फोडींवर एक बोटभर येईल इतकं ओता. चमचा कोरडा ठणठणीत हवा. दादरा धुऊन, उन्हात वाळवून परत बांधा. बायकोनं बांधला होता तोच बांधा, नवा कशाला.

आता दुसरं. तुम्ही ते खावं असं माझं मत आहे, आणि ते मी असंच बनवलेलं नाही. आमचे हे पेन्सिली ब्लेडनं तासून ठेवायचे. वर्गात टोक मोडलं तर वेळ जायला नको म्हणून डझनभर तयार. निवृत्तीनंतरही सवय गेली नाही. ते गेले तेव्हा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ९ पेन्सिली तासलेल्या होत्या. टोकं सुईसारखी. मी सहा महिने डब्याला हात लावला नाही. किराण्याची यादी करायला बॉलपेन शोधायची, पण डबा उघडायची नाही. ऑगस्टात कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि पाणी गेलं ५७ फुटांच्या वर. आमचं घर गावभागात. तळमजल्यावर छातीएवढं पाणी. आठवड्यानं परत आलो, चिखल काढता काढता डबा सापडला. पेन्सिली फुगून त्यांच्या लाकडाची दोन-दोन फाकं झाली होती आणि शिसाच्या काड्या सुट्या पडल्या होत्या. एकही अक्षर न लिहिता नऊच्या नऊ गेल्या.

तेव्हा भाऊ, खा. सणावाराला नको, असंच मंगळवार-बुधवारी, पिठलं-भाताबरोबर. एका वेळी एक फोड. आणि अर्ध्या बरणीची पाव बरणी व्हायच्या आत सुनेला किंवा शेजारणीला विचारून पुढच्या मे महिन्यासाठी प्रमाण लिहून घ्या. राजापुरी कैऱ्या आणि मोहरीची डाळ मिळते, कैरी फोडून द्यायला बाजारात अडकित्तेवाले बसतात, मीठ तर तुमच्या घरात आहेच. पहिल्या वर्षी बिघडेल. माझंही बिघडलं होतं, १९७६ साली. सासूबाई चार दिवस काही बोलल्या नाहीत, पाचव्या दिवशी बोलल्या.

तुम्ही एकदा लिहिलं होतंत की दुपार खायला उठते. ७५ झालं की एसटी फुकट, तोवर तुम्हाला अर्धं तिकीट. कराडहून कुठंही सकाळी जाऊन संध्याकाळी परत या. गाडीत शेजारचा माणूस आपोआप बोलतो.

प्रश्न : काकू, मी ५२ वर्षांची. मिस्टर जाऊन तीन वर्षं झाली. दिराच्या मुलीचं लग्न होतं. हळदीला मी पुढं झाले तर जाऊबाईंनी हळूच दंड धरून मागं घेतलं, “तुम्ही नंतर लावा हं.” कुणी काही वाईट बोललं नाही. पण त्या मुलीला मी न्हाऊ-माखू घातलंय. आता डिसेंबरात पुतण्याचं लग्न आहे. जाऊ का नको? (वाळवा तालुका)

तू मला काकू म्हणालीस म्हणून ‘तू’च म्हणते.

‘हळूच’ हा शब्द तू लिहिलास ना, तिथं मी थांबले. जोरात म्हटलं असतं तर भांडता आलं असतं.

तुझ्या वाळव्याहून शिरोळ तालुका लांब नाही. तिथल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ रोजी ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं या प्रथा गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. हे तुला माहीत असेल. पण ठरावानं स्मशानातल्या बांगड्या थांबतात, हळदीच्या पाटापाशी दंड धरणारा हात थांबायला वेळ लागतो. तो हात बहुतेक वेळा बाईचाच असतो, आणि तो हात धरणारीला आपण काही वाईट केलं असं वाटतही नाही. तुझ्या जाऊबाईंनाही ते कुणीतरी असंच शिकवलं असणार, दंड धरून.

माझं सांगते. माझ्या भाचीच्या मुलीचं लग्न मिरजेला होतं. मी ठरवलं की विचारायचंच नाही. विचारलं की उत्तर मिळतं. हळदीच्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या आधी उठले, उखळाशी बसले आणि हळकुंडं कुटायला घेतली. पिवळेजर्द हात घेऊन पाटापाशी गेले तेव्हा हळद माझ्याच ताटात होती. कुणी थांबवायचं? एक लांबची आत्या तोंड वाकडं करून बघत होती. तिचं तोंड १९८०पासून तसंच आहे.

तू जा. पण पुतण्याच्या आईशी, म्हणजे त्याच जाऊबाईंशी, आधी बोल. लग्नघरात नको, महिनाभर आधी, दोघीच असताना, भाजी निवडताना. “मागच्या वेळी मला लागलं” एवढंच म्हण. पुढं स्पष्टीकरण देऊ नकोस, त्यांनाही मागू नकोस. आणि पुतण्याला सांगून ठेव. नवरामुलगा ‘काकू, तुम्ही लावा’ असं पाटावरून म्हणाला की कुणाची छाती नाही होत. आजकालची मुलं म्हणतात, विचारून बघ.

बोलूनही नाही जमलं तर? तर तू जेवणाच्या पंगतीला जा, आहेर दे आणि घरी ये. सगळीच लढाई तुझ्या एकटीच्या अंगावर कशाला?

प्रश्न : मावशी, मी नोकरीसाठी दुबईत असते. आई ७९ वर्षांची, देवरुखला एकटी. जूनमध्ये न्हाणीघरात पडली, नशिबानं मुका मार. भाऊ म्हणतो घरात कॅमेरे लावूया, मोबाईलवर दिसेल. आई ऐकत नाही. तिला कसं समजवावं? (दुबई)

आईच्या बाजूनं आधी बोलते, कारण ती पत्र लिहिणार नाही.

दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलानं बंगळूरहून येऊन माझ्या हॉलमध्ये असाच एक कॅमेरा लावला. पांढरा, लिंबाएवढा, मान फिरवणारा. तिसऱ्या दिवशी मी न्हाऊन केस वाळवत पंख्याखाली बसले होते. फोन वाजला. “आई, पंख्याखाली बसू नकोस, तुला खोकला आहे.” अगं, केस मोकळे, पदर खांद्यावर नाही, आणि हा ऑफिसच्या मीटिंगमधून मला बघतोय! मी काही बोलले नाही. खुर्चीवर चढून (होय, चढायला नको होतं) कॅमेऱ्याची मान गणपतीच्या तसबिरीकडे वळवून ठेवली. चार दिवस पोराला गणपतीचं दर्शन झालं. पाचव्या दिवशी हसत फोन आला, मग आम्ही तह केला.

तह असा की कॅमेरा फक्त बाहेरच्या दाराकडे आणि जिन्याकडे. कोण आलं-गेलं ते दिसेल. झोपायची खोली आणि हॉल वर्ज्य. सकाळी आकाशवाणीच्या बातम्या लागतात, त्या संपल्या की मी त्याला फक्त ‘उठले’ एवढा एक शब्द पाठवते. साडेसातपर्यंत शब्द आला नाही तर तो आधी मला आणि मग शेजारच्या देशपांड्यांकडे फोन करतो. आमच्या घराची एक किल्ली त्यांच्याकडे टांगलेली आहे. एवढ्यात दोनदा फोन गेला, दोन्ही वेळा मी मोबाईल चार्जिंगला लावायला विसरले होते.

पडण्याचं म्हणशील तर कॅमेरा पडलेलं दाखवतो, पडू देत नाही. ते पैसे न्हाणीघरात घाल. कमोडशेजारी आणि नळाशेजारी भिंतीत पक्की बसवलेली स्टीलची दांडी, नुसती चिकटवलेली नको. फरशीवर खरबरीत रबरी चटई, बसायला प्लॅस्टिकचं उंच स्टूल, रात्री जाताना लागणारा झिरोचा दिवा. आणि आईला दाराला आतून कडी लावू नको म्हणून सांग. कोकणातली न्हाणीघरं अजून कुठं कुठं मागच्या पडवीत असतात. असं असेल तर त्या पायरीचं आधी बघ. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, मोठ्या आकड्यांत लिहून आईच्या फोनशेजारी चिकटव.

शेवटी तू विचारलंस कसं समजवावं. समजवू नकोस, विचार: “तू पडलीस आणि कुणाला कळलंच नाही तर मी काय करू, ते तूच सांग.” म्हाताऱ्या माणसाला सल्ला मागितला की ते गंभीरपणे देतं. बघ मी देतेच आहे.

प्रश्न : बाई, वय ८१. मास्तरकी केली. दरवर्षी नोव्हेंबरात बँकेत जाऊन मी जिवंत आहे असं सिद्ध करायचं. गेल्या खेपेस यंत्रावर अंगठा लावला, जुळेना. दहाही बोटं लावली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “आजोबा, तुमचे ठसेच नाहीत.” ६० वर्षं खडू धरला, ठसे कुठून राहणार? (बार्शी)

गुरुजी, पत्र वाचून आमच्या मास्तरांची आठवण झाली. त्यांचाही उजवा अंगठा असाच गुळगुळीत होता.

नोव्हेंबर २०१४पासून हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’ नावानं आधारच्या जोरावर काढता येतो. बोटाच्या ठशांनी अनेकांची अडचण होते, त्यात तुमचा दोष नाही. वयानं कातडी पातळ होते, रेषा झिजतात. म्हणून २०२१पासून चेहरा दाखवूनही दाखला निघतो, घरच्या मोबाईलवर. नातवाला बसवा, खिडकीकडे तोंड करून बसा, चष्मा काढा, डोळ्यांची उघडझाप करायला सांगितली की करा. तेही नको असेल तर पोस्टमनला घरी बोलवा, तो यंत्र घेऊन येतो, फी ७० रुपये. (खात्याची जाहिरात करत नाही हो, पण ३७ वर्षं मीठ खाल्लंय.) केंद्राच्या निवृत्तिवेतनधारकांना ८० पूर्ण झाल्यावर १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो. तुमचं निवृत्तिवेतन कुठून येतं त्यावर तारीख ठरेल, ती बँकेत विचारून घ्या. आणि हे सगळं फसलं तर बँकेच्या कागदावर अधिकाऱ्यासमोर सही करून द्यायची जुनी पद्धत अजून आहे.

त्या मुलाचं मनावर घेऊ नका. त्याच्या वयाला ‘ठसे नाहीत’ ही यंत्राची गोष्ट असते, आपल्या वयाला ती आपली वाटते.

प्रश्न : काकू, वडील जूनमध्ये गेले. दहावा संगम माहुलीला केला. दीड तास कावळा पिंडाला शिवला नाही. आईला सांभाळू, जमीन विकणार नाही, बहिणीला अंतर देणार नाही, सगळं म्हणून झालं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला. तेव्हापासून चुलते म्हणतात, तुझ्या घटस्फोटाचं दादाला लागलं होतं, त्यात जीव अडकला. मी ४४ वर्षांचा इंजिनियर माणूस, यावर विश्वास नाही. पण रात्री झोप लागत नाही. (सातारा)

विश्वास नसतानाच झोप जाते. विश्वास असता तर तुम्ही एखादी शांत करून मोकळे झाला असता.

घाटावरची एक साधी गोष्ट आधी ऐका. दहाव्याला एकाच सकाळी तिथं चार-चार, पाच-पाच घरांचे पिंड मांडलेले असतात. कावळे तेवढेच. नऊ-साडेनऊपर्यंत त्यांची पोटं भरलेली असतात. त्यातून माणसांचा घोळका असला तर कावळा जवळ यायला बिचकतो. तुमचं पिंड मांडलं तेव्हा किती वाजले होते? आणि किती माणसं पिंडाभोवती कोंडाळं करून उभी होती? मला वाटतं तुमच्या वडिलांचा यात काही हात नव्हता.

आता आमचा दहावा सांगते, सांगलीला कृष्णेच्या घाटावरचा. पिंड मांडलं, सगळे मागं सरलो. कावळा समोरच्या कठड्यावर, मान तिरकी करून. मुलगा म्हणाला, आईला सांभाळीन. मुलगी म्हणाली, दादाशी भांडणार नाही. माझ्या मनात मी काय काय म्हटलं ते इथं लिहीत नाही. कावळा ढिम्म. अर्धा तास झाला, उन्हं वर आली. मग मागून माझ्या नणंदबाई, वय ८०, काठी टेकत पुढं आल्या आणि नदीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “अप्पा, मीटरचं रीडिंग मी हिला दर एक तारखेला लिहायला लावीन हो!”

सगळे हसलो. दहाव्याला, घाटावर, गुरुजींसकट. आमच्या ह्यांना विजेच्या मीटरचं वेड होतं. दर महिन्याच्या एक तारखेला मीटरपाशी बॅटरी घेऊन जायचे, आकडा बघून यायचे आणि कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीनं लिहायचे. मग बिल आलं की ताडून बघायचे. ४० वर्षांत दोनदा चूक सापडली होती, त्याचा आनंद आम्हाला जन्मभर ऐकावा लागला.

तर नणंदबाईंनी असं म्हणताच कावळा झेपावला आणि पिंडाला शिवला, अशी गोष्ट आमच्या नातेवाईकांत आजही सांगतात. मीही चारचौघांत तशीच सांगते. तुम्हाला खरं सांगते. कावळा तेव्हा आला नाही. त्यानंतर आम्हाला ऊन लागायला लागलं म्हणून आम्ही पायऱ्या चढून पिंपळाखाली सावलीला गेलो, कुणी पाणी पीत होतं, कुणी चपला शोधत होतं, आणि पंधरा-वीस मिनिटांनी कुणीतरी म्हणालं, “अरे, शिवलं की!” आम्ही बघतच नव्हतो.

तुमच्या चुलत्यांना भाऊ गेल्याचं दुःख आहे, ते त्यांनी तुमच्या घटस्फोटावर नेऊन ठेवलं. वडिलांना तो लागला असेल की, कुठल्या बापाला लागत नाही? पण त्यांनी तुमच्याशी त्याबद्दल शेवटचं काय बोललं ते तुम्हाला माहीत आहे, चुलत्यांना नाही आणि कावळ्यालाही नाही. बोललेच नसतील तर तेही तुम्हालाच माहीत आहे. सर्वपित्रीला पान वाढायचं असेल तर वाढा, त्यांना आवडायचं ते वाढा, गच्चीवर ठेवा आणि खाली निघून या. उभं राहून बघू नका. झोपेचं महिनाभरात सुधारलं नाही तर डॉक्टरांकडे जा, इंजिनियरनं इंजिनियरसारखं.

प्रश्न : ताई, पती जाऊन दोन वर्षं झाली. लाइटचं बिल अजून त्यांच्याच नावानं येतं. मुलगा नाव बदलूया म्हणून मागं लागलाय. मला नको वाटतं. न बदलल्यास काही गुन्हा होतो का? (इचलकरंजी)

सहावं पत्र घेतलं, संपादक रागावतील. पण हे राहवेना.

गुन्हा वगैरे नाही. बिल भरत राहिलात तर वीज येत राहते, आणि विजेचं बिल हा काही घराच्या मालकीचा पुरावा नव्हे. आपल्याकडे आजेसासऱ्यांच्या नावाची बिलं सुखानं येतात. पण खिडकीतली बाई म्हणून क्रम सांगते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत होते, ती तुमची झालीच असेल. दाखल्याच्या पाच-सहा प्रती काढून ठेवा. बँकेची आणि पोस्टाची खाती, ठेवी आधी. घराच्या मिळकत पत्रिकेवर किंवा सातबाऱ्यावर वारसांची नोंद. मग गॅस. लाइटबिल शेवटी आलं तरी चालतं. फक्त उद्या घर विकायचं निघालं, किंवा गच्चीवर सौरपॅनेल बसवायला अर्ज केला, तर नाव अडवेल. तोवर मुलाला म्हणावं, दम धर.

नको का वाटतं ते तुम्ही लिहिलं नाहीत, मला कळलं. माझ्या खिडकीशी एकदा एक आजी आल्या होत्या, नवऱ्याच्या खात्याचा क्लेम घेऊन. पासबुक प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला रबर. फॉर्म झाला, साक्षीदार झाले, पैसे दिले. खातं बंद झालं की पासबुक ऑफिसात राहतं, तसा नियम. आजी जाईनात. म्हणाल्या, “पुस्तकात त्यांची सही हाय.” नियम मोडता येत नव्हता. मी शिपायाला समोरच्या झेरॉक्सवाल्याकडे धाडलं, सहीच्या पानाची प्रत काढून आणवली. त्यांनी ती रिकाम्या पिशवीत घातली आणि रबर लावलं. त्या वेळी मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. तेव्हा मी ४० वर्षांची होते, सगळं कळत होतं.

तर आता कबुली. ३७ वर्षं लोकांना ‘नाव लावून घ्या, वारस लावून घ्या’ म्हणून ओरडले, आणि माझ्या घरचं विजेचं बिल साडेसहा वर्षं ह्यांच्याच नावानं येतंय. पुरात जुना मीटर गेला, त्याच महिन्यात नवा बसला, तेव्हा सहज बदलता आलं असतं. मीटर शून्यापासून सुरू झाला, नाव तेच राहिलं. जुनी कालनिर्णयं माळ्यावर होती म्हणून वाचली. २०१९चं काढून बघितलं, फेब्रुवारीच्या एक तारखेला त्यांचा आकडा आहे, ७ला आडवी रेघ मारलेला. मार्चच्या एक तारखेला माझा आहे, बॉलपेनचा. नणंदबाईंनी घाटावर शब्द दिला होता ना.

तुमचं पत्र आल्यावर मी महावितरणचा नावबदलाचा अर्ज आणवला. भरायला बसले. मूळ ग्राहकाचं नाव लिहिलं, ग्राहक क्रमांक लिहिला, नात्यापुढं ‘पत्नी’ लिहिलं. सहीची जागा मोकळी ठेवून अर्ज टेबलावर चष्म्याच्या डबीखाली ठेवलाय. या महिन्याच्या बिलाची शेवटची तारीख १९ आहे. मी ते १२लाच भरून टाकलं, पावती त्यांच्याच नावाची आली.